आजी असतानाच गोधडी शिवायला घ्या

लुगड्यांचं बोचकं बहुतेक घरांत सुटतं ते आजीच्या वर्षश्राद्धानंतर. कपाट रिकामं करायचं असतं, लुगडी टाकवत नाहीत आणि नेसणारं कुणी उरलेलं नसतं. मग कुणीतरी म्हणतं, गोधडी करू. गोधडी होते, ऊबही देते. पण कुठलं लुगडं कुठल्या सणाचं, कुणी घेतलेलं, कुठल्या बाळंतपणात नेसलेलं, हे सांगणारं माणूस तेवढं नसतं.

म्हणून ज्यांची आजी आज आहे त्यांना कळकळीने सांगणं आहे, की हे काम या सुट्टीत करा. तिच्यासोबत, तिच्या देखरेखीखाली. गोधडीला तीन आठवडे लागतात. रोज तासभर हात कापडात गुंतलेले असतात, नजर खाली असते आणि अशा वेळी बोलणं आपोआप निघतं. समोर बसवून ‘आजी, तुझ्या लहानपणीचं काहीतरी सांग ना’ म्हटलं की ती ‘त्यात काय सांगायचं’ म्हणून उठून जाते. तिच्याच लुगड्याचा तुकडा हातात देऊन ‘हे कुठलं गं?’ विचारलं, तर ती थांबत नाही.

आता काम कसं करायचं ते. सुरुवात कापडापासून, कारण गोधडी बिघडते ती तिथेच.

नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. पन्हा पंचेचाळीस ते पन्नास इंच. दोन्ही काठ काढले की त्रेचाळीस-चव्वेचाळीस इंच राहतो. एका माणसाला पांघरायला ७ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद गोधडी लागते. म्हणजे प्रत्येक थराला रुंदीत दहा-अकरा इंच कमी पडतात. लुगड्याचे ७ फुटी तीन तुकडे काढले की शेवटी पावणेदोन मीटरच्या आसपास उरतं. त्याच्या दहा-अकरा इंची चार उभ्या पट्ट्या करायच्या आणि टोकाला टोक जोडून तिन्ही तुकड्यांच्या कडेला लावायच्या. असं केलं तर चांगल्या स्थितीतलं एक लुगडं बरोबर तीन थर देतं. विरलेलं असेल तर दोन, फार तर अडीच. वरचा आणि खालचा धरून एकूण पाच ते सात थर पुरतात. घाटावरच्या थंडीला सात, कोकणात आणि मुंबईत पाच. आठाच्या पुढे साध्या सुईने हातशिलाई जमत नाही. सुई ओढायला पक्कड घ्यावी लागते आणि टाके वाकडे पडतात. हिशेब असा, की दोन चांगली आणि एक विरलेलं अशी तीन लुगडी बाहेर काढून ठेवावीत.

कुठली लुगडी घ्यायची? सुती, आणि भरपूर धुतलेली. मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवरची साधी रोजची लुगडी, फुल व्हॉइलची पातळं, आजोबांची मऊ झालेली धोतरं. नव्या सुती कापडाचा मोह टाळा. नवं कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन-चार टक्के आटतं. ७ फुटांवर हे तीन इंच झाले. जुने थर आटून बसलेले असतात, एकटा नवा थर आटतो आणि सगळी गोधडी चुण्या पडून गोळा होते. नवं वापरायचंच असेल, खणाची पट्टी म्हणा किंवा गोट (कडेला दुमडून लावायची पट्टी) म्हणा, तर आधी रात्रभर पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा आणि मगच कापा.

१९७० नंतरच्या काळातली नायलॉन आणि पॉलिस्टरची पातळंही त्याच ट्रंकेत असतात. रंग अजून लखलखीत असतात, त्यामुळे हात तिकडे जातो. ती घेऊ नका. घसरतात, घाम शोषत नाहीत आणि सुती थरांमध्ये एक पॉलिस्टरचा थर आला की धुतल्यावर तो आत सरकून एका बाजूला जमा होतो. एखादं पातळ फारच आठवणीचं असेल तर त्याचा वीतभर चौकोन वरच्या बाजूला ठिगळासारखा लावा. तेवढा सहज खपतो.

इरकलीची गोष्ट वेगळी. इरकली म्हणजे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं लुगडं. तिथल्या लुगड्याचं अंग एका ताण्याचं (उभ्या धाग्यांचं) आणि पदर दुसऱ्याच ताण्याचा असतो. दोन्ही ताणे फासे अडकवून एकमेकांना जोडलेले असतात. अंग सुती आणि पदर रेशमाचा असेल तर जुन्या इरकलीचा पदर अंगाच्या आधी फाटतो. म्हणून जोडापासून चार बोटं आत कापावं. पदराचा चांगला भाग वर मधोमध लावला तर फार देखणा दिसतो, पण त्याच्या खाली सुती अस्तर हवंच.

पैठणीला आणि शालूला कात्री लावू नका. रेशीम घडीवर चिरतं, जरीची तार अंगाला टोचते आणि धुण्यात काळी पडते. पैठणी घडी बदलून ठेवा, गोधडीत नको.

आता आजीला खुर्चीत किंवा पाटावर बसवा आणि प्रत्येक लुगडं तिच्यासमोर उलगडा. दाराच्या उजेडावर धरून पाहायचं. नऊवारी विरतं ते ठरावीक ठिकाणी: काष्टा जिथे ओढला जातो तिथे, बैठकीवर, गुडघ्यांवर आणि ओच्याच्या खोचणीशी. पदराकडचा आणि निऱ्यांच्या पोटातला भाग टिकतो. दोन्ही अंगठे वीतभर अंतरावर ठेवून कापड आधी उभं ताणा, मग आडवं. चर्र आवाज आला तर तो भाग आतल्या थरात. नुसतं ताणलं जाऊन परत बसलं तर वर चालेल. ही परीक्षा आजीच्या बोटांना तुमच्यापेक्षा चांगली कळते, तिच्याकडूनच करून घ्या.

काही लुगड्यांत मधोमध आडवी शिवण सापडेल. तो दंड. लुगडं मध्यावर विरलं की तेवढा पट्टा कापून काढायचा आणि दोन चांगली टोकं जोडून पुन्हा नेसायचं, याला दंड घालणं म्हणत. तो दंड उसवू नका. तो भाग तसाच्या तसा वरच्या थरात घ्या. घरात काय परिस्थिती होती, किती लुगड्यांवर वर्ष काढलं जायचं, हे त्या शिवणीइतकं दुसरं काही सांगत नाही. आणि दंड दिसला की विचारा: हा तू घातलास का तुझ्या सासूबाईंनी?

इथूनच वही सुरू करायची. शाळेची दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक लुगड्याला एक क्रमांक, आणि त्यापुढे ती सांगेल ते तिच्याच शब्दांत: कुणी घेतलं, कुठल्या बाजारातून, किती रुपयांना, काठाला ती काय म्हणते, कशासाठी नेसली. काळ्या चंद्रकळेपुढे बहुधा पहिल्या संक्रांतीची हकीकत येईल. सालाचा आग्रह धरू नका. आजीचा काळ सालांनी मोजलेला नसतो, घटनांनी मोजलेला असतो. ‘पानशेत फुटलं त्याच्या आधी’ म्हणाली तर १२ जुलै १९६१ च्या आधी. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता’ म्हणाली तर ११ डिसेंबर १९६७. लाल मिलो (रेशनवरची परदेशी ज्वारी) खाल्ल्याचं निघालं तर १९७२ च्या दुष्काळाची वर्षं. गिरण्यांचा संप म्हटलं तर जानेवारी १९८२ नंतरचं, आणि किल्लारी म्हटलं तर ३० सप्टेंबर १९९३. ती सांगेल तो संदर्भ आधी लिहा, साल नंतर कंसात टाका. तिचं साल चुकलं तरी तिच्यासमोर खोडू नका. एकदा ‘मला नीट आठवत नाही’ असं तिच्या मनाने घेतलं की बोलणं आखडतं.

फोनवर आवाज मुद्रित करायचा असेल तर पंखा बंद करा. तिथेच निम्मी मुद्रणं वाया जातात, नंतर ऐकताना घरघर तेवढी ऐकू येते. फोन घडी केलेल्या पंचावर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवायचा. जमिनीवर ठेवला तर कापड सरकल्याचा आवाज सगळं झाकतो. एका वेळी अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला तारीख आणि लुगड्याचा क्रमांक मोठ्याने म्हणायचा, म्हणजे वही आणि आवाज नंतर जुळवता येतात. आणि हे सगळं तिला सांगून, तिची परवानगी घेऊन. काही गोष्टी ती ‘हे नको ठेवूस’ म्हणेल, त्या पुसायच्या.

कापड निवडलं की धुलाई. खळ राहिलेली असेल तर सुई जात नाही आणि पुढे कसर लागते, म्हणून कोमट पाण्यात दोन तास भिजवून साध्या साबणाने धुवा, खळखळून पाणी काढा आणि कडक उन्हात वाळवा. ट्रंकेत डांबरगोळ्यांचा वास मुरलेला असतो, त्याला दोन-तीन दिवसांचं ऊन लागतं. लाल आणि जांभळे काठ रंग सोडतात. ओल्या पांढऱ्या फडक्याखाली काठ धरून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग आला तर तो तुकडा मिठाच्या पाण्यावर विसंबून घेऊ नका. रंग निघेनासा होईपर्यंत वेगळा धुवा किंवा वगळा. एका लाल पट्टीने अख्खी गोधडी गुलाबी होते.

काठ आधी उसवून किंवा कापून बाजूला ठेवायचे. काठाची वीण घट्ट असते, आतल्या थरात राहिला तर तिथे सुई अडते आणि मोडते. या काठांचाच शेवटी गोट करायचा आहे.

मांडणीला जागा मोठी हवी. माजघर, पडवी, गच्चीवरची खोली, शहरात दिवाणखान्यातलं सगळं सामान भिंतीला. फरशी कोरडी पुसून घ्या. तळाचं कापड उलट बाजू वर करून अंथरायचं आणि चार कोपऱ्यांवर विटा, वरवंटा, जडसं काहीही ठेवायचं. कापड ताणलेलं हवं, खेचलेलं नको. खेचून मांडलं तर वजनं काढल्यावर ते आखडतं आणि वरचे थर फुगतात. उभे धागे सगळ्या थरांत एकाच दिशेने आले पाहिजेत. तिरका पडलेला तुकडा धुण्यात ओढ खातो.

त्यावर एकेक थर. आतले तुकडे एकमेकांवर अर्धा इंच चढवून ठेवायचे, कडा दुमडायच्या नाहीत. दुमडल्या की दोनाचे चार पदर होतात आणि तिथे गाठीसारखं जाड लागतं. जोड एकाखाली एक येऊ देऊ नका. पहिल्या थराची दहा इंची पट्टी डावीकडे आली असेल तर पुढच्याची उजवीकडे. हात किंचित ओला करून मधून कडेकडे फिरवला की सुरकुत्या निघतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पुढचा थर टाकण्याआधी या थराचा फोटो काढा, तुकड्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या ठेवून. एकदा वरचं कापड पडलं की आतलं पुन्हा कुणाला दिसणार नाही. स्टुलावर उभं राहून वरून काढला तर पूर्ण थर चौकटीत येतो. वहीत प्रत्येक थरासाठी एक आयत काढून त्यातही तुकडे आखून क्रमांक घाला. फोन बदलतात, वही राहते.

वरचा थर आजीच्या मर्जीने. तिचा पहिला कल चांगलं कापड आत आणि विरलेलं वर असा असू शकतो, वापराच्या गोधडीत चांगलं कशाला घालवा म्हणून. तिला सांगा की वरचं घासलं जातं, आतलं नाही. पण रंगांत तिचं ऐका. ठिगळांचे चौकोन करायचे, त्रिकोण करायचे की अख्खं लुगडं वर टाकून फक्त मधे एक फूल बसवायचं, हे तिला ठरवू द्या. ठिगळाची कड पाव इंच आत दुमडून हेम घालायची. कोपरा आधी दुमडायचा, मग दोन्ही बाजू. उलट केलं तर कोपऱ्यातून दशा निघतात.

आता कच्चा टाका. कंटाळा येतो म्हणून हा वगळला जातो आणि मग मध्यभागी झोळ येतो. मधून सुरुवात करून चारी बाजूंना, वीत-वीत अंतरावर, दोन इंची लांब टाके. उभे आणि आडवे दोन्ही. दोरा पांढरा आणि स्वस्त चालेल, शेवटी काढायचाच आहे. पुष्कळ ठिकाणी गोधडी कडेने सुरू करून चौकटीत आत आत शिवत नेतात. दिसायला ती फार सुंदर दिसते. पण प्रत्येक फेरीत कापड थोडं आत ढकललं जातं आणि ते सगळं शेवटी मधे जमतं. मुरलेला हात ते वाटेत जिरवत जातो. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी उभ्या सरळ ओळी घालाव्यात, मधली ओळ पहिली, मग तिच्या दोन्ही बाजूंना एकेक. यात आणखी एक सोय आहे, दोघी दोन बाजूंनी एकाच वेळी शिवू शकतात.

ओळींत एक इंच अंतर ठेवा. खडूने आखा, किंवा ताणलेल्या दोरीच्या कडेने नखाने रेघ ओढा. हळदीची दोरी मारू नका, तो डाग साबणाने उलट लाल होतो. अंतर दोन इंचांच्या वर गेलं तर दोन-चार धुण्यांनंतर आतलं विरलेलं कापड फाटून ओळींच्या मधे गोळा होतं. बाजारातल्या घाईच्या गोधड्या अशाच जातात.

दोरा जाड, सुती. शिवणयंत्राचा पॉलिस्टर दोरा मजबूत असतो खरा, पण जुन्या मऊ कापडाला तो सुरीसारखा कापतो. हातभर दोरा घ्यायचा, जास्त नाही. लांब दोरा गुंततो आणि शेवटचा भाग कापडातून ओढून ओढून झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की पीळ सुटत नाही. सुई दोन इंची, मोठ्या नेढ्याची. दाभण नको, त्याची भोकं बुजत नाहीत. मधल्या बोटात अंगुस्ताना, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायचं टोपण.

टाका साधा धावदोऱ्याचा. तांदळाच्या दाण्याएवढा सांगतात, पण सात थरांत इंचाला तीन टाके आले तरी उत्तम. सुईवर तीन-चार टाके भरायचे, मग ओढायची. प्रत्येक वेळी खालचा हात तळाला लावून सुईचं टोक बोटाला लागतंय का पाहायचं, नाहीतर तळाचं कापड टाक्यात येतच नाही आणि हे पूर्ण ओळ झाल्यावर उलटून पाहिलं तेव्हा कळतं. दोरा ओढला की अंगठ्याने ओळ मागे सपाट करायची. चुणी पडली तर दोरा जास्त ओढलाय. गाठ वर ठेवू नका. पहिला टाका दोन बोटं अलीकडून थरांच्या मधून आणायचा आणि गाठ हलक्या झटक्याने आत घ्यायची. संपताना दोन उलटे टाके घेऊन टोक आत सोडायचं.

हिशेब मांडला तर ७ फुटांच्या एका ओळीत इंचाला तीनप्रमाणे २५२ टाके. एक इंचावर साडेचार फुटांत ५४ ओळी. एकूण १३,६०८ टाके. दोरा दीडशे मीटर धरून ठेवा. एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे वीसेक तास. रोज एक तास म्हणजे तीन आठवडे. घाई करू नका, कारण हे वीस तासच तर हवे आहेत.

कुणी काय करायचं, हे आजीचं वय आणि दुखणी पाहून ठरवा. मांडी घालून बसता येत नसेल तर कच्चा टाका झाल्यावर गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळा आणि मधला फूट-दीड फूट भाग उघडा ठेवून टेबलावर घ्या. ती खुर्चीत बसून शिवू शकते. नजर कमी असेल तर गडद कापडावर पांढरा दोरा द्या आणि सकाळच्या उजेडात बसा, दिव्याखाली नाही. सहा-सात वर्षांच्या नातवंडाला दोरा ओवायचं काम द्यावं. दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, म्हणजे आजी थांबत नाही. काम संपल्यावर सुया मोजायच्या. गोधडीत राहिलेली सुई वर्षानंतरही टोचते. आजीला मधुमेह असेल आणि बोटांना मुंग्या येत असतील तर अंगुस्ताना दोन बोटांत घाला. टोचलेलं तिला कळत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. हात थरथरत असेल तर शिवण तिला देऊ नका, तुकड्यांची जुळणी आणि राखण द्या. राखण म्हणजे ‘तो टाका उसव’ म्हणण्याचा अधिकार. तो तिलाच शोभतो.

प्रत्येकाच्या दोऱ्याचा रंग वेगळा ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. आजीचा पांढरा, आईचा निळा, नातीचा लाल. हात लपत नाही. आजीचा टाका सारखा, घट्ट, किंचित तिरका पडतो. शिकणाऱ्याचा पहिल्या ओळीत लांबडा आणि दहाव्या ओळीत बरा. नातीच्या वाकड्या ओळी उसवू नका. अपवाद एकच: बोटाच्या पेराएवढा लांब टाका राहिला असेल तर तो पुन्हा घ्या, त्यात पायाचं बोट आणि जोडवी अडकतात.

शेवटी गोट. काढून ठेवलेले काठ चारी कडांना दुमडून लावायचे, आधी लांब बाजू, मग आखूड. अर्धा काठ वर, अर्धा खाली. कोपऱ्यात काठ कापून जोडण्यापेक्षा घडी घालून हेम मारली तर टिकते. सगळ्यात आधी फाटतो तो कोपराच, म्हणून तिथे एक त्रिकोणी तुकडा जास्तीचा बसवून घ्या. गोट लावण्याआधी कडा कात्रीने सरळ करा. कितीही नीट मांडलं तरी एक-दोन इंच कमीजास्त होतंच.

मग कच्चे टाके काढा आणि खालच्या कोपऱ्यात वीतभर पांढऱ्या सुती पट्टीवर आजीचं नाव, शिवायला बसलेल्यांची नावं आणि सुरू-संपल्याची तारीख दोऱ्याने काढा. पेनाची शाई काही धुण्यांत जाते. आजीला अक्षर येत असेल तर तिच्या हाताने पेन्सिलने लिहून घ्या आणि त्याच रेघेवरून टाका घाला. तिची सही कापडावर राहते.

घरात बाळ येणार असेल आणि एवढा वेळ नसेल तर मोठ्या गोधडीऐवजी दुपटं घ्या. ३६ इंचांचा चौकोन, तीन थर, सगळ्यात मऊ धोतर किंवा लुगडं अंगाकडच्या बाजूला. ओळी दोन बोटांवर. ठिगळ, जर, टिकल्या, बटणं काही नको. तीन-चार दुपारी पुरतात. बाळंतविड्यात पणजीच्या हातचं दुपटं असणं हे मला तरी सोन्याच्या वाळ्यांहून मोलाचं वाटतं.

यंत्रावर का नाही, असं विचारलं जातं. सात थर यंत्राच्या पायाखाली सरकतात, वरचा पुढे आणि खालचा मागे, आणि शिवण कडक होते. हाताच्या धावदोऱ्यात दोरा थोडा ढिला असतो म्हणून गोधडी अंगावर पडते, यंत्राची अंगावर उभी राहते. दारावर येऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायांचा हात मात्र विलक्षण असतो. आजीची तब्येत अगदीच नसेल तर मांडणी घरी करा, कच्चा टाका घरी घाला आणि धावदोरा त्यांच्याकडून घ्या. पैसे देताना त्यांचे तेरा हजार टाके आठवा.

ही गोधडी कपाटात ठेवण्यासाठी नाही. वापरा. आधी आजीला पांघरा. पावसाळा सोडून दोन महिन्यांनी एकदा धुवा. मोठ्या टपात रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात अर्धा तास भिजवून पायांनी तुडवायची, पिळायची नाही. कोरडी दोन किलोंची गोधडी ओली झाली की दुपटीहून जड होते आणि एका कडेने टांगली तर वजनाने टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर आडवी टाका किंवा गच्चीवर चादर अंथरून तिच्यावर पसरा. दोन्ही बाजूंना पूर्ण ऊन लागलं पाहिजे, आतला थर दमट राहिला तर पंधरा दिवसांत वास येतो. वर ठेवताना घड्यांत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी.

आठ-दहा वर्षांनी वरचं कापड विरायला लागेल. तेव्हा काही उसवायचं नाही. त्यावरच नवा थर अंथरायचा, कच्चा टाका घालायचा आणि जुन्या ओळींच्या मधून नव्या ओळी घ्यायच्या. तळ घासला तर तळालाही तसंच. पाच थरांच्या गोधडीत दोन थरांची वाढलेली जाडी सुई पेलते, सात थरांच्या गोधडीवर मात्र एकच थर चढवा. नाव काढलेली पट्टी आधी सोडवून बाजूला ठेवा आणि नव्या थराच्या त्याच कोपऱ्यात पुन्हा लावा. वहीत पुढचं पान उघडून नव्या लुगड्याला पुढचा क्रमांक द्या. या वेळी ते बहुधा आईचं असेल, तेव्हा तिला शेजारी बसवून विचारा, कुणी घेतलं, कुठल्या बाजारातून, किती रुपयांना.